एका हाताचा रोल

माझ्या हातातून पहिली काठी पडली तेव्हा परण्या मारुतीच्या देवळाजवळ पोचत आला होता. परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, ती मिरवणूक. सोलापूरचं भर उन्हाळ्यातलं ऊन, डोक्यावर तुऱ्याची टोपी, अंगात जाड लाल कोट आणि गळ्यात साईड ड्रम. सव्वीस वर्षं मी लग्नसराईत हेच करत आलो. बाकीचे महिने टॉवेलच्या कारखान्यात मागावर.

बँडमध्ये पडलेली काठी उचलायची नसते. चालता चालता वाकलं की मागचा ट्रंपेटवाला अंगावर येतो आणि त्याच्या अंगावर मोठा ढोलवाला. म्हणून आम्ही कमरेच्या पट्ट्यात जादा काठ्या खोचून ठेवतो. एक पडली की दुसरी काढायची, ठेका मोडू द्यायचा नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की हात आपसूक पट्ट्याकडे जातो. मी दुसरी काठी काढून डाव्या हातात दिली. तीही पडली. तिसरी काढली, तीही गेली. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं थांबून हाताकडे बघितलं असतं. मी पट्ट्याकडे बघितलं, आणि चौथी काठी का आणली नाही म्हणून स्वतःवर चिडलो.

आमचे हमीदमास्तर पुढे क्लॅरिनेट वाजवत होते. ठेका लंगडायला लागल्यावर त्यांनी वळून बघितलं.

"क्या रे दत्ता, सुबु सुबु लगाके आया क्या?"

"नाही मास्तर," असं मला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच. जीभ जड झाली होती, तोंडाचा एक कोपरा ओघळला होता. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि सगळ्या बँडला काय समजायचं ते समजलं.

इथं मला खरं सांगितलं पाहिजे. मी पूर्वी प्यायचो. भरपूर प्यायचो. एकदा तर एका वरातीत घोड्याच्या पुढ्यात आडवा झालो होतो. सहा वर्षांपूर्वी सोडली, ती पुन्हा शिवलो नाही. पण एकदा पिणाऱ्याचं नाव झालं की झालं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मीही तेच म्हणालो असतो. त्यांनी मला कडुलिंबाच्या सावलीत बसवलं, सरबत पाजलं, तोंडावर पाणी मारलं. परण्या उरकला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मग कोणीतरी मला रिक्षात घातलं. मास्तर रिक्षावाल्याला म्हणाले, "घरकू छोडो. सोने दो उसको."

हे लिहायला मला फिजिओथेरपीच्या मॅडमनी लावलं. त्यांच्याकडे माझ्यासारखे बरेच जण येतात आणि पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांच्या हातात द्यायला काहीतरी हवं, असं मॅडम म्हणाल्या. माझा उजवा हात शाबूत आहे, त्यामुळे सबब सांगायची सोय नव्हती.

वास

घरी सुनंदा, माझी बायको, दारात विड्या वळत बसली होती. रिक्षावाला म्हणाला, "वहिनी, जरा जास्त झालीय त्यांना." ती उठली, जवळ आली आणि माझ्या तोंडाशी नाक नेऊन तिनं वास घेतला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली अठरा तिनं हेच केलं होतं.

"ह्यांनी घेतली न्हाय," ती म्हणाली. "मला इचारा की. ह्यो वास मला झोपंत बी कळतोय."

"अवो, पण..."

"पण न्हाय आन् बिण न्हाय. रिक्षा वळवा. दवाखान्यात चला."

मी बडबडत होतो म्हणे, की मला झोपायचंय. तिनं माझं काही ऐकलं नाही. कॉलेजला निघालेली आमची मुलगी प्राजक्ताही तशीच आत चढली. पुढे कोणी मला विचारलं की तुम्हाला कोणी वाचवलं, तर मी डॉक्टरांचं नाव नंतर घेतो. आधी तिच्या नाकाचं घेतो. ती हसते, पण मी ते मनापासून म्हणतो.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. मेंदूकडे जाणारं रक्त एका जागी अडलंय, म्हणून डावी बाजू गेलीय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "हे नक्की किती वाजता सुरू झालं?" सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी बोटानं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, "लगेच आला असतात तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता ती वेळ गेली. जे आहे त्यावर काम करू."

ते रागावले नाहीत, त्यांनी कोणाला दोषही दिला नाही. पण "ती वेळ गेली" हे शब्द मी त्या खाटेवर पडून किती वेळा ऐकले असतील ते सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. हात गळाला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, यातलं काहीही झालं तर सरबत पाजत बसू नका. माणूस प्यालेला असला तरी आधी दवाखाना गाठा. प्यालेला निघाला तर तिथून हसत परत या.

खाट

वॉर्डातली सकाळ फिनेलच्या वासानं सुरू व्हायची. मग नर्सबाई बीपी बघायच्या, मग गोळ्या, मग चहा. चहा माझ्या तोंडाच्या डाव्या बाजूनं परत बाहेर यायचा. पन्नाशीच्या माणसाला गळ्यात टॉवेल बांधून चहा प्यावा लागला की त्याचं काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत. मी चहा बंद केला. तहान नाही म्हणायचो.

शेजारच्या खाटेवर सांगोल्याचे एक अण्णा होते. डाळिंबवाले. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. घरून डाळिंबांची पिशवी यायची आणि ते पाय लांब करून दिवसभर दाणे सोलत बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर दाणे माझ्यापुढे धरले. मी मान हलवली.

"आवं खावा की," अण्णा म्हणाले. "माजा पाय कामाचा न्हाय, तुमचा हात. दोगांत मिळून एक धड माणूस हुतोय. मी सोलतो, तुमी खावा."

मी खाल्ले. लाल रस हनुवटीवरून गळला, तो त्यांनी आपल्याच पंच्यानं पुसला आणि पुढचं डाळिंब हातात घेतलं. चहाचं मला जे वाटायचं ते त्यानंतर वाटेनासं झालं. त्यांना ते माहीतही नसेल.

भीतीचंही सांगतो. एका दुपारी मी जागा झालो तर छातीवर कोणाचा तरी गार हात पडला होता. मी घाबरून उजव्या हातानं तो ढकलून दिला. तो माझाच होता. सव्वीस वर्षं ज्या हातानं मी ड्रमवर रोल दिला, म्हणजे ठोके जोडून एकच सलग आवाज काढला, तो हात मला परका वाटला. त्या दुपारी मी पहिल्यांदा रडलो. प्राजक्ता बाजूला अभ्यास करत होती. तिनं पुस्तक मिटलं, तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तसंच वाचत बसली.

मास्तर एकदा संध्याकाळी आले. शहाळं घेऊन वॉर्डाच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. शहाळं नर्सबाईंच्या टेबलावर ठेवून गेले. मला बरं वाटलं की ते आत आले नाहीत, कारण माझ्या मनात त्यांच्याबद्दल चांगलं काहीच नव्हतं.

ओंदु, एरडु

मॅडम अक्कलकोटच्या. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण व्यायाम मोजायच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. घाई झाली की त्यांचे आकडे एकमेकांत मिसळायचे आणि त्याला एक ठेका यायचा. तो ठेका माझ्या कानानं पकडला. आजारी पडल्यापासून कानात पहिल्यांदा काहीतरी शिरलं होतं.

पाय परत आला. आधी भिंत धरून, मग काठी टेकत, मग नुसताच. वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका हातानं टाळ्यांना टाळी देता येत नाही हे मला तिथं कळलं. हाताबद्दल मी रोज विचारायचो आणि मॅडम रोज सांगायच्या, "बघू या." एक दिवस त्यांनी स्टूल ओढलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दत्ताभाऊ, मी खोटं बोलणार नाही. खांद्यात थोडं येईल. बोटांत ड्रम वाजवण्याइतकं येईल असं मला वाटत नाही. चालू ठेवायचं, पण त्याच्यावर आयुष्य अडवून धरायचं नाही."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आज वाटतं, माझ्याशी सरळ बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. बाकी सगळे "होईल की हो बरं" म्हणायचे आणि नजर चुकवायचे.

दहा बोटं

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला. दवाखान्यात आपण पेशंट असतो. घरी आपण कोणीच नसतो. मागावर दोन हात लागतात, बँडमध्ये दोन हात लागतात, शर्टाच्या गुंड्या लावायलाही दोन हात लागतात. मी खाटेवर बसून दारातल्या सुनंदाकडे बघायचो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. पान कापलं, तंबाखू भरली, वळली, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. बघता बघता विडी तयार. पूर्वी त्याचं कौतुक वाटायचं. आता तिच्या दहा बोटांचा मला राग यायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

एका सकाळी ती माझ्या गुंड्या लावायला आली. मी तिचा हात झटकला. ती म्हणाली, "आवं, उशीर हुतोय, मॅडम वाट बघत्याल." मी उठलो आणि बऱ्या झालेल्या पायानं तिचं सूप उडवलं. कालपासूनची सगळी पानं, तंबाखू, वळलेल्या विड्या अंगणभर झाल्या. ज्या पायासाठी तिनं देव पाण्यात ठेवले होते, त्याच पायानं.

ती रडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"प्यायचा तवाबी आसंच करायचा," ती म्हणाली. "तवा म्हणायची, दारू हाय. आता काय म्हनू?"

मी खाली बसलो आणि एका हातानं विड्या गोळा करायला लागलो. मग तीही बसली. दोघं दुपारपर्यंत पानं वेचत होतो. त्यानंतर पान ओलं करून फडक्यात गुंडाळून ठेवायचं काम मी घेतलं. ते एका हातानं जमतं. तिनं माझी चूक पुन्हा कधी काढली नाही, आणि मी ती विसरलो नाही.

खुळखुळा

दिवाळीनंतर पुन्हा लग्नसराई आली तेव्हा मास्तर घरी आले. माझ्या जागी त्यांनी नातेपुत्याचा एकजण घेतल्याचं मला माहीत होतं. मास्तर खुर्चीच्या टोकावर बसले. चहा आला.

"दत्ता, घर में बैठके पागल होएगा तू," ते म्हणाले. "बँड में आ जा. खुळखुळा पकड. वर्दी में खडा रैना, बस."

खुळखुळा म्हणजे बियांनी भरलेला डबा. तो हलवत उभं राहायचं. बँडमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात तो देतात. मास्तरांच्या मनात दया होती, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्यामुळेच ते झोंबलं.

"दारुड्याला कशाला बोलावता मास्तर?" मी म्हणालो. "घोड्यापुढं आडवा झालो तर?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि गेले. सुनंदानं बशी उचलली आणि मला म्हणाली, "बरं वाटलं का आता?" नव्हतं वाटलं.

पण एक झालं. माझं मलाच कळलं की मला खुळखुळा नको होता, मला माझा ड्रम हवा होता. आयुष्य अडवून धरू नका असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मी ते अडवून बसलो होतो.

कड

प्राजक्तानं मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. परदेशातला कोणी माणूस, एक हात खिशात, दुसऱ्या हातानं रोल देतोय.

"ट्रिक असंल काहीतरी," मी म्हणालो.

"पप्पा, नीट बघा की. लई वेळा लावलाय मी, ट्रिक न्हाय."

मी बघितलं. आवाज बंद करून, सावकाश करून बघितलं. "कड लागतेय त्याची," मी म्हणालो.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. साईड ड्रमची कड लोखंडी असते. काठी कातड्यावर पडायला हवी, कडेला लागली की कट्ट असा आवाज येतो. शिकाऊ पोराची पहिली चूक म्हणजे कड लागणं. शिकत होतो तेव्हा कड लागली की मास्तर बोटांवर क्लॅरिनेटच टेकवायचे. सव्वीस वर्षांत माझी कड कधी लागली नव्हती. आणि हा माणूस मुद्दाम काठीचा मधला भाग कडेवर ठेवत होता. हात खाली गेला की टोक कातड्यावर एकदा आपटायचं. हात आणखी दाबला की कडेच्या आधारानं टोक वर उचललं जायचं, आणि हात वर आला की तेच टोक पुन्हा आपटायचं. बागेतल्या सी-सॉसारखं. हात एकदा खालीवर होतो, ठोके दोन पडतात. वेग वाढवला की दोन हातांचा रोल.

ड्रम मास्तरांच्या शेडमध्ये होता. मी लाकडी पाटावर सायकलची जुनी ट्यूब ताणून बसवली, बाजूला लोखंडी पट्टी ठोकली, आणि सुरू केलं. पहिले काही आठवडे नुसतं कट्ट, कट्ट, कट्ट. सुनंदा म्हणायची, "दार ठोकतंय का कोन?" माझाच हात माझं ऐकेना. कड जवळ आली की मनगट आपोआप वर उचललं जायचं. जी चूक घालवायला उमेदीची वर्षं घालवली, तीच आता चुकून नाही, ठरवून करायची होती.

प्राजक्तानं आणखी व्हिडिओ काढून दिले. त्यातून बोटांचं काम कळलं. काठी मुठीत आवळायची नाही. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात तोलून धरायची आणि उरलेल्या तीन बोटांनी मागून ढकलायची. मनगट एकदा खाली, बोटं आवळून दुसरा ठोका. उशी घेऊन सराव केला की काठी उडत नाही, सगळं काम बोटांनाच करावं लागतं, त्यानं ताकद येते. मग पुन्हा रबरावर आलं की हात हलका वाटतो. सव्वीस वर्षं वाजवून मला उजव्या हाताची बोटं माहीत नव्हती. डावा होता तोवर गरज पडली नव्हती.

मग मी माती खाल्ली. दिवसभर ठोकत बसायला लागलो आणि मनगट सुजलं. आता जेवायचाही हात गेला. सुनंदानं भरवलं आणि मॅडमनी झापलं. "एकच राहिलाय, तोही मोडायचा आहे का?" दोन आठवडे काठी बंद. त्यानंतर ठरवून दिलं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मध्ये गरम पाण्याचा शेक. आणि एक अट. वाजवताना डावा हात मांडीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तळवा पाटावर टेकवून ठेवायचा. "त्यालाही कळू दे काय चाललंय," मॅडम म्हणाल्या.

मला ते खुळचट वाटलं, पण केलं. शिवरात्रीच्या आसपास एका सकाळी रोल जमला. पहिल्यांदाच ठोके वेगवेगळे ऐकू येईनात, सलग एक आवाज झाला. आणि डाव्या तळव्यात मुंग्या आल्या. दहा महिन्यांनी त्या हातानं मला काहीतरी कळवलं होतं. मी ओरडलो. सुनंदाला वाटलं पुन्हा झटका आला, ती पळत आली. मी तिचा हात धरून पाटावर ठेवला आणि पुन्हा वाजवायला लागलो. ती म्हणाली, "व्हय, गुणगुणतंय की." तेवढंच म्हणाली आणि पदरानं माझा घाम पुसायला लागली.

त्या हाताची बोटं अजूनही हलत नाहीत. मॅडमचं खरं ठरलं.

शेड

मी कोणाला न सांगता मास्तरांच्या शेडवर गेलो. सराव चालू होता. मला बघून सगळे थांबले. नातेपुत्याच्या पाव्हण्यानं गळ्यातला ड्रम काढला आणि स्टँडवर ठेवला. त्याचे उपकार मी मानतो. त्याला नाही म्हणता आलं असतं.

"मास्तर, एकदा ऐका," मी म्हणालो. "मग खुळखुळा द्या नाहीतर घरी घालवा."

मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं. आमच्यात गाणं सुरू होतं ते रोलवर. साईड ड्रम रोल धरतो आणि मास्तर सूर लावेपर्यंत तो सोडायचा नसतो. मास्तर दम घेतात, बँडवर नजर फिरवतात, मग फुंकतात. मी डावा तळवा ड्रमवर टेकवला, काठी कडेवर ठेवली आणि रोल धरला. ट्रंपेटवाला कडेकडे बघून दचकला. मास्तरांनीही बघितलं.

त्यांनी सूर लावला नाही. क्लॅरिनेट ओठांना लावलेलं, गाल फुगलेले, पण आवाज नाही. मला वाटलं, परीक्षा बघतायत. मी धरून राहिलो. बोटं पेटली, मग दंड पेटला. तरी सूर नाही. वर बघितलं तेव्हा दिसलं की मास्तरांचे ओठ थरथरतायत. क्लॅरिनेटला ओठ घट्ट लागतात. रडणाऱ्या माणसाला ते फुंकता येत नाही.

नियम असा की मी सोडायचं नाही. मी सोडलं नाही. मास्तर भिंतीकडे वळले, बाहीनं डोळे पुसले, पुन्हा वळले, आणि सूर लागला. फाटका लागला, पण लागला. सगळा बँड आत आला.

गाणं संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मैने तेरेकू झाड के नीचे बिठाया," ते म्हणाले. "घरकू छोडो बोला मैने. मैनेच."

"मास्तर, मी पण तेच केलं असतं."

"तू नै करता."

"केलं असतं," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. हे शब्द बोलायला मला वर्ष लागलं. बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरलं, माझ्या आणि बहुतेक त्यांच्याही.

मग ते खाकरले आणि पुन्हा मास्तर झाले. "बारात में नै चलनेका तू. पाव्हणा चलेगा. हल्दी कू बैठके बजा." वरातीत तीन तास ड्रम गळ्यात घेऊन चालणं मला झेपणार नव्हतं, ते मलाही माहीत होतं. अर्धी जागा मिळाली होती. मला ती पुरेशी वाटली.

हळद

पहिली हळद शहराबाहेरच्या एका मळ्यात होती. सुनंदानं लाल कोटाला इस्त्री केली आणि गुंड्या लावल्या. मी मुकाट उभा राहिलो. मांडवाच्या कडेला खुर्ची, समोर स्टँडवर ड्रम. मास्तरांनी नजर फिरवली, मी रोल धरला, सूर लागला.

वर्षभर मला सगळ्यांनी जपलं. गल्लीतली माणसं रस्ता द्यायची, किराणावाला पिशवी घरापर्यंत आणायचा, नातेवाईक माझ्याशी बारीक आवाजात बोलायचे. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे आणि ते मनापासून लिहितोय. पण इतकं जपलं जाण्यात एक गोष्ट निघून गेली होती, ती मला त्या मांडवात बसेपर्यंत कळली नव्हती. वर्षभरात माझ्यावर परकं माणूस एकदाही खेकसलं नव्हतं.

दुसरं गाणं चालू असताना नवरीची मावशी, गालापासून कोपरापर्यंत हळदीनं माखलेली, नाचता नाचता थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझा डावा हात ड्रमवर आहे एवढंच तिला दिसत होतं.

"ओ ड्रमवाले!" ती ओरडली. "जरा जोरात हाना की! सकाळपासनं जेवला न्हाय का काय?"

ट्रंपेटवाल्याचा सूर तुटला. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. ते तिला काहीतरी सांगणार होते. मी मान हलवून नको म्हणालो.

"जेवलोय की मावशी," मी म्हणालो, आणि जोरात हाणायला लागलो.